सापडायला सोपं जावं म्हणून

...नाही नाही, टॅगला माझा विरोध नव्हताच हो! कुणी सांगितलं तुम्हाला? पुतणीनं? ती सांगणारच. माझं म्हणणं एवढंच होतं की बाबांनो, अकरा वर्षं जे चाललंय ते बरं चाललंय, मग निवांत झोपलेल्याला उठवून त्याच्या गळ्यात पाटी कशाला अडकवायची? पण ऐकतंय कोण! “काका, सापडायला सोपं जावं म्हणून.” बास. एवढं एकच वाक्य. आणि ह्या एका वाक्यानं माझ्या घरात जे काही झालं ते... थांबा, असं मधूनच नाही सांगता यायचं. पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला घाई नाही ना? असली तरी बसा.

तर तुम्हाला सांगतो, मी शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. एकतीस वर्षं झाली. पायाची, हाताची, मोटरची, कुठलीही आणा, नुसता आवाज ऐकून सांगतो कुठे दुखतंय ते. आणि आम्हा मशीनवाल्यांचा इंटरनेटवर एक फोरम आहे. फोरम म्हणजे काय, कट्टाच, फक्त बसायचं ज्यानं त्यानं आपापल्या घरी. कुणाची मशीन अडली की तो तिथे प्रश्न टाकतो, मग आम्ही जाणती मंडळी उत्तरं देतो, मग त्या उत्तरांवरून भांडतो, आणि ह्या सगळ्याला मिळून म्हणायचं एक चर्चा. हा फोरम मला माझ्या पुतणीनं काढून दिला. ती ग्रंथालयात कामाला आहे. हे लक्षात ठेवा, सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं. माझं तिथलं नाव ‘मेकॅनिक नंबर एक’. ते काही मी ठेवलेलं नाही... म्हणजे ठेवलं मीच, पण कुणी हरकत घेतली नाही ना!

आता अकरा वर्षांत चर्चा किती झाल्या असतील? चार हजार तीनशे वीस! आणि त्यांची शीर्षकं काय, तर ‘मदत’. ‘मदत हवी’. ‘मदत हवी आहे’. ‘मदत’ आणि पुढे तीन उद्गारचिन्हं, म्हणजे हा जरा जास्त अडलेला. नुसतं ‘मदत’ एवढंच शीर्षक असलेल्या दोनशे चौदा चर्चा होत्या, दोनशे चौदा! एकाचं शीर्षक ‘हॅलो’. एकाचं ‘कोणी आहे का’. आता ह्या ढिगात खालचा दोरा का गोळा होतो ह्याचं उत्तर कुठे पडलंय ते कोण शोधणार? म्हणून लोक शोधायचेच नाहीत, नव्यानं विचारायचे. खालचा दोरा गोळा होतो, काय करू? मी सांगायचो, वरचा दोरा नीट ओव. आठवड्यानं दुसरा हजर, खालचा दोरा गोळा होतो. वरचा नीट ओव. सत्तर वेळा सांगितलं असेल मी हे. आणि तुमच्यापासून काय लपवायचं, मला आवडायचं ते. आपल्याला रोज कुणीतरी तेच विचारावं आणि आपल्याला ते येत असावं, ह्याच्याइतकं सुख दुसरं नाही.

तर एका रविवारी पुतणी आली. चहा व्हायच्या आत तिनं लॅपटॉप उघडला. म्हणाली, काका, फोरम नवा करायचा, प्रत्येक चर्चेला टॅग लावायचा. मी म्हटलं टॅग म्हणजे? तर टॅग म्हणजे चिठ्ठी. चर्चा कशाबद्दल आहे ते एकेका शब्दात लिहायचं, मशीन कुठली, भाग कुठला, बिघाड काय. मग त्या चिठ्ठीवर नुसतं बोट ठेवलं की त्या जातीच्या सगळ्या चर्चा रांगेत उभ्या. शिवाय दोन खास टॅग, ‘अडलंय’ आणि ‘सुटलं’. प्रश्न टाकला की ‘अडलंय’, मशीन चालली की ‘सुटलं’. आणि नियम काय, तर ‘सुटलं’ हा टॅग दुसऱ्या कुणी लावायचा नाही, ज्याचा प्रश्न त्यानंच लावायचा. मी विचारलं, असं का? तर म्हणाली, उत्तर देणाऱ्याला नेहमीच वाटतं सुटलं म्हणून. हे बोलताना तिनं माझ्याकडे का बघितलं ते मला समजलं नाही.

मी म्हटलं, अगं, माझ्या दुकानात बावन्न खण आहेत. एकावर चिठ्ठी नाही. पण डोळे मिटून हात घालतो आणि पाहिजे तो स्क्रू बाहेर काढतो, कशाला हव्यात चिठ्ठ्या? तर आतून आमची ही म्हणते, “परवा चष्मा शोधत होतात तो कितव्या खणात मिळाला?” आता चष्म्याचा इथे काय संबंध, तुम्हीच सांगा. विषय काय, बोलतोय काय! पण पुतणी हसली, ही हसली, आणि दोघी हसल्या की ह्या घरात ठराव मंजूर होतो. जुन्या चर्चांना टॅग लावायला सहा जुने सभासद निवडले, प्रत्येकाच्या वाट्याला सातशे वीस. त्यातला एक मी. का तर म्हणे, सापडायला सोपं जावं म्हणून!

मग काय विचारता! ‘गोल रीळ’ नावाचे एक निवृत्त शिंपी आहेत आमच्यात, त्यांनी दोन दिवसांत सातशे वीसच्या सातशे वीस संपवल्या. आम्ही थक्क. जाऊन बघतो तर सगळ्यांना एकच टॅग, ‘मशीन’. अहो, मशीनच्या फोरमवर मशीन! शाळेत जाऊन एकेका पोराच्या कपाळावर ‘पोर’ लिहिण्यातलाच प्रकार. त्यांना सांगायला गेलो तर म्हणतात, का, चुकीचं आहे का? चुकीचं कसं म्हणणार? उलट ‘टाचणीबाई’ म्हणून एक आहेत, त्या शिस्तीच्या. त्या म्हणाल्या, लोक काय शब्द वापरतील सांगता येत नाही, म्हणून त्यांनी एकेका चर्चेला ‘दोरा’, ‘दोरे’, ‘धागा’, ‘धागे’, ‘सूत’, ‘सुतं’... एकवचन वेगळं, अनेकवचन वेगळं, सगळ्यांची सोय. मग भांडण लागलं की एकच काय तो शब्द ठरवा, दोरा की धागा. अकरा दिवस चाललं ते. एक सभासद रागावून फोरम सोडून गेला आणि पाचव्या दिवशी परत आला, कारण शेवटी काय ठरलं ते बाहेरून दिसत नव्हतं. आणखी एक महाशय, त्यांनी सगळ्यालाच ‘तातडीचे’ लावलं. नऊ वर्षांपूर्वीच्या प्रश्नाला तातडीचे! त्या माणसाची मशीन भंगारात जाऊन तिचे खिळे झाले असतील.

आणि मी? मी कुरकुरत बसलो हो, पण तुम्हाला सांगतो, दोनेकशे झाल्या आणि मला गोडी लागली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचं, मी एक एक उघडायचो, वाचायचो, टॅग लावायचो. सुई, तुटते. पट्टा, घसरतो. वाटायला लागलं, अरे, पुतणी म्हणते त्यात तथ्य आहे. वाटेत माणूस भेटला तरी मनात टॅग उमटायचा. शेजारचा इस्त्रीवाला, उधळतो. त्याचा भाऊ, गंजलाय. चारशे बारा झाल्या. चारशे तेरावी उघडली. शीर्षक ‘मदत’, विचारणाऱ्याचं नाव ‘अडलाहरी’. फोटो होता. काळी पायाची मशीन, लाकडी फळी, आणि फळीच्या कोपऱ्यात कंपासच्या टोकानं कोरलेलं एक बदक.

ते बदक मी ओळखतो! दुसरीत असताना आमच्या मुलीनं कोरलंय ते, मान उलटी आलीये, त्यावरून तिला मार बसणार होता आणि तिच्या आजीनं वाचवलं होतं. आमच्या घरातली मशीन होती ती. हिच्या आईची. आणि तो अडलाहरी... अहो, इकडेतिकडे काय बघताय, मीच तो.

आता हे सांगायलाच पाहिजे. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. हिची मशीन जड चालायला लागली. जुन्या घडणीची मशीन, खालच्या दोऱ्याचं होडीसारखं लांबट शटल पुढेमागे झुलतं, आणि त्याला धरणारा एक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, हात असतो. तेल सुकून तो हात आखडला होता. उपाय सोपा आहे, मी शंभर जणांना सांगितलाय, रॉकेल सोडा आणि एक दिवस तिला हात लावू नका. एक दिवस! पण मला त्या दिवशी घाई होती. कसली घाई? आठवत नाही. बघा, आठ वर्षं घरात काय काय झालं ते ज्या घाईमुळे, ती घाईसुद्धा आठवत नाही. मी हातोडी घेतली, म्हटलं हलकेच एक ठोका... टक्क. हाताचा तुकडा माझ्या तळहातावर. बीड ते, पुन्हा सांधायला जमत नाही, आणि तो भाग बाजारात येणं बंद होऊन जमाना झालेला.

एकतीस वर्षांचा मेकॅनिक... तेव्हा तेवीस वर्षांचा. गावभरच्या मशीनी चालवतो आणि बायकोची मोडतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. हिला काय सांगू? ही बाजारातून आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “हिचं वय झालं गं. आता नाही चालायची.” हिनं मशीनवरून एकदा हात फिरवला आणि तिच्यावर चादर घातली. पुढे मी नवी मोटरची मशीन आणून दिली, चांगली, भारी, तीवर ही उसवलेलं शिवते तेवढंच. आणि जुनीवर इस्त्रीच्या कपड्यांची चळत.

त्याच दिवशी मी फोरमवर गेलो. पण मेकॅनिक नंबर एकनं कसं विचारायचं की मी हातोडी मारली? म्हणून नवं नाव घेतलं, अडलाहरी, आणि सगळं खरं खरं लिहून टाकलं. शीर्षक दिलं, ‘मदत’. आता त्या वेळी मला काय माहीत की पन्नासएक लोकांनी आधीच तेच शीर्षक दिलंय? दुसऱ्या दिवशी एक उत्तर आलं होतं, बीड सांधत नाही, बायकोला खरं सांगा. हा काय उपाय झाला? मी चिडून बंद केलं. चारेक दिवसांनी पुन्हा बघायला गेलो तर माझीच चर्चा मला मिळेना! मदत, मदत, मदत, मदत... पासवर्डही विसरलो. मनात म्हटलं, मला मिळत नाही म्हणजे कुणालाच मिळणार नाही, झाकली मूठ. ह्या आधारावर, तुम्हाला सांगतो, मी आठ वर्षं काढली.

आणि आता ती समोर! खाली उत्तरं होती, पण ती वाचायला डोकं ठिकाणावर होतं का माझं? बंद केलं आणि जेवायला घरी गेलो. तर ही जेवणाच्या टेबलाशी, चष्मा लावून, फोन हातात. म्हणते, “अहो, मीपण फोरमची सभासद झाले.” पुतणीनं करून दिलं होतं. नाव काय घेतलंय माहीत आहे? ‘आईची मशीन’.

का, तर आमच्या मुलीला दिवस गेलेत, बाळंतपण दीड महिन्यावर आलंय. मुलगी झाली तेव्हा तिचं पहिलं दुपटं हिच्या आईनं त्या मशीनवर शिवलं होतं. ते अजून आहे घरात, मऊ पडलंय. हिच्या मनानं घेतलं की नातवंडाचंही त्याच मशीनवर शिवायचं. मी म्हटलं, नवी मशीन आहे की. ही म्हणाली, “आहे ना. पण एकदा बघते. तुम्ही एकट्यानंच बघितली होतीत, फोरमवर चार हजार चर्चा आहेत, कुणालातरी काहीतरी माहीत असेल.” मग पुतणीनं शिकवल्याप्रमाणे तिनं ‘लांब शटल’वर बोट ठेवलं आणि एकतीस चर्चा रांगेत उभ्या! रोज चार वाचायच्या, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, असा हिचा बेत. पुतणी फोनवर सांगत होती, “काकू, अजून सगळ्यांना टॅग लागायचेत. काका लावताहेत ना. आणखी येतील.” आणि ही माझ्याकडे बघून म्हणते, “लावा हो लवकर.” काय, तर सापडायला सोपं जावं म्हणून!

चर्चा पुसून टाकावी म्हटलं तर पुसायचा हक्क एकट्या पुतणीला, आणि पुतणीला सांगणं म्हणजे हिच्या कानात जाऊन सांगणं. मग मला युक्ती सुचली. तुम्ही म्हणाल काय डोकं आहे! मलाही तेव्हा तसंच वाटलं. टॅग लावला की सापडतं ना? मग ह्या एका चर्चेला टॅगच लावायचा नाही! माझ्या वाट्याच्या सातशे एकोणीस मी रात्रंदिवस खपून पूर्ण केल्या, ती एक तेवढी कोरी सोडली. चार हजार तीनशे विसांत एक कोरी. समुद्रात सुई! आठ दिवसांत बाकीच्यांचंही काम संपलं. त्या सकाळी मी शीळ घालत दुकान उघडलं आणि फोरम उघडला.

पहिल्याच पानावर लाल चौकट. ही एवढी. त्यात लिहिलेलं, “टॅग नसलेल्या चर्चा: एक. चला, सगळे मिळून ही शेवटची संपवू या!” आणि खाली फोटो. मशीनचा. बदकासकट.

पुतणीनं नवी सोय केली होती. ज्याला टॅग नाही ते आपोआप सगळ्यात वर! का हो का? दुर्लक्ष होऊ नये म्हणून! चार हजार टॅगवाल्या चर्चा आत अंधारात बसलेल्या, आणि मी जिला लपवली ती दारात, नटूनथटून.

आणि आमचे सभासद! एरवी कुणाला अर्ध्या इंचाचा स्क्रू कुठे मिळतो विचारा, चार-चार दिवस सामसूम. त्या दिवशी सकाळी नऊपासून जत्रा! एकानं लावला ‘लांब शटल’. एकानं ‘बीड’. मग कुणीतरी मजकूर वाचला, ‘हातोडी’. ‘घाई’. ‘बदक’. गोल रीळ आले आणि ‘मशीन’ लावून गेले. दुसऱ्या महाशयांनी ‘तातडीचे’ लावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते बरोबर होतं! टाचणीबाई आल्या, ‘नवरा’, ‘नवरे’, ‘नवरेमंडळी’. मी एक काढतोय तर दोन लागताहेत, ‘खोटं’ काढतोय तर ‘खोटारडा’ लागतोय, घामाघूम झालो. सतरा टॅग काढले मी. आणि मग खाली नजर गेली. तिथे बारीक अक्षरात, एकाखाली एक, सगळ्या जगाला दिसेल असं, ‘मेकॅनिक नंबर एक यांनी टॅग काढला.’ ‘मेकॅनिक नंबर एक यांनी टॅग काढला.’ सतरा वेळा! कुणी केलं ते सापडायला सोपं जावं म्हणून!

दुकान तसंच उघडं टाकून घरी पळालो. काय करणार होतो कोण जाणे, फोन लपवणार होतो की काय. ही टेबलाशी बसली होती, चष्मा लावून. मला बघून उठली नाही. फोन जरा लांब धरला आणि वाचायला लागली, शाळेतल्या मुलीनं धडा वाचावा तशी, सावकाश. “बायकोला सांगितलंय की मशीनचं वय झालं. ती काही बोलली नाही. कृपया काही उपाय असेल तर सांगा, ती मशीन तिच्या आईची आहे.”

मी उभा. पायातली चप्पलही काढली नव्हती.

मग ती म्हणाली, “मला वाटत होतं, मी तेल द्यायला विसरले म्हणून बंद पडली.”

एवढंच. तुम्हाला सांगतो, ती ओरडली असती, भांडं आपटलं असतं, तर मी निभावून नेलं असतं, तेवढा सराव आहे. पण आठ वर्षं ही बाई त्या मशीनवर इस्त्रीचे कपडे ठेवताना काय मनात आणत होती, हे मला त्या क्षणी कळलं. आईनं शेवटपर्यंत जपलेली वस्तू आपल्या हलगर्जीपणानं गेली, असं ती धरून चालली होती. आणि मी त्याच खोलीत बसून लोकांना उपदेश करत होतो, वरचा दोरा नीट ओव. लाज वाटली हो. नुसती लाज. मी म्हटलं, “चुकलं माझं.” आणि एवढे दोन शब्द म्हणायला आठ वर्षं का लागावीत हे मला अजून उमगलेलं नाही.

तिनं मग फोन माझ्या हातात दिला. “खाली वाचलंत का?”

नव्हतं वाचलं. मी फक्त प्रश्न वाचून घाबरलो होतो, उत्तरापर्यंत गेलो कुठे! खाली ‘तिरकी सुई’ नावाच्या कुणी बाई. मी प्रश्न टाकला त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलंय, “माझ्याकडे ह्याच घडणीची मोडलेली मशीन आहे, पण हा भाग धड आहे. पत्ता कळवा, पाठवते.” तिसऱ्या दिवशी! आठवड्यानं पुन्हा, “अहो अडलाहरी, पत्ता?” महिन्यानं, “पत्ता राहिला.” सहा महिन्यांनी, “भाग तेलकट कागदात गुंडाळून जपून ठेवलाय, कधीही कळवा.” म्हणजे बघा, आठ वर्षं उत्तर तयार होतं, देणारी तयार होती, वस्तू गुंडाळून तयार होती, आणि मी? मला माझा प्रश्न सापडत नव्हता! हे मी पुतणीला अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ती काय म्हणेल ते मला पाठ आहे.

हिनं मात्र मी धापा टाकत घरी पोचायच्या आधीच खाली पत्ता लिहून दिला होता. आणि तिरकी सुई बाईंचं उत्तरही आलं होतं, “पाठवते. आणि अडलाहरींना सांगा, हातोडी लांब ठेवा.”

सहाव्या दिवशी डबी आली. आत तेलकट कागद, कागदात तो हात, अख्खा, आठ वर्षं वाट बघत बसलेला. मी दुकान बंद ठेवलं. मशीनवरची चळत उतरवली, रॉकेल सोडलं आणि एक दिवस, पूर्ण एक दिवस, तिला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी ही शेजारी खुर्ची टाकून बसली. मी स्क्रू फिरवतोय, ही बघतेय. मध्येच मी सवयीनं मागे हात करून चाचपलं, तर हातोडी नाही. बघतो तर हिच्या मांडीवर, दोन्ही हात वर ठेवलेले. मी गुपचूप पकड घेतली. दोन तासांनी पायडल हलवलं, चाक फिरलं, आणि मशीन बोलायला लागली, तोच जुना आवाज, खट खट खट खट... हिनं हातोडी खाली ठेवली आणि तोंड दुसरीकडे वळवलं. मीही वळवलं. रॉकेलचा वास फार उग्र असतो.

दुपटं झालं. देखणं झालं. टीप अशी, की नव्या मशीनला सात जन्मांत जमायची नाही. हिनं फोटो काढून फोरमवर टाकला, टाचणीबाईंनी त्याला ‘दुपटं’, ‘दुपटी’ असे टॅग लावले, सगळं गोडीगुलाबीनं पार पडलं. मला वाटलं, संपलं एकदाचं. परवा सकाळी आंघोळ करून शर्ट घालतोय, तर मानेला काहीतरी टोचलं. काढून बघतो तर कॉलरच्या आत पांढऱ्या फितीचा तुकडा शिवलेला, त्यावर पक्क्या शाईनं, ठसठशीत, ‘अडलंय’. दुसरा शर्ट काढला, ‘अडलंय’. कपाटातले सहाच्या सहा! चारही बाजूंनी टीप, तीही दुहेरी, उसवायची सोय नाही.

मी बाहेर येऊन म्हटलं, अगं, हे काय? मशीन चालली ना? तर चहा गाळता गाळता म्हणते, “मशीनचं सुटलं. तुमचं अडलेलंच आहे.” मी म्हटलं, मग ह्याच्या जागी ‘सुटलं’ कधी लागणार? म्हणाली, “नियम माहीत आहे ना? ज्याचा प्रश्न त्यानंच लावायचा. आणि हा प्रश्न माझा.” मी म्हटलं, बरं बाई, पण सगळ्या शर्टांना? एकाला पुरलं नसतं? चहा माझ्यापुढे ठेवला, आणि कित्येक दिवसांनी जराशी हसली.

“सापडायला सोपं जावं म्हणून.”

...चहा घेतला मी. काय करणार? दुकानात आलो. तेव्हापासून बघताय ना तुम्ही, गळ्याचं बटण लावून बसतो. एकतीस वर्षं मेकॅनिक नंबर एक म्हणून कॉलर ताठ करून हिंडलो... आता ताठ करायची सोय नाही हो, आतलं दिसतं!